जुन्या गावठाणापर्यंत

लेक पुण्याला गेली, सायकल इथंच राहिली.
सीट तिच्या उंचीची. मी खाली करून घेतली नाही,
म्हणून चढताना, उतरताना
रस्त्याकडेचा एखादा दगड शोधावा लागतो.

रविवारी पोस्ट बंद.
औशातून निघाले तेव्हा साडेसहा,
डोक्याला यांचा मफलर,
खिशात फोन,
आणि फोनमध्ये रात्रीपासून
एक शहर पडत होतं.

अकरा वेळा पाहिला तो व्हिडिओ.
धूळ बसते. मग एक माणूस
पलंगाची चौकट ओढून काढतो
आणि भिंतीला टेकवून ठेवतो, अगदी नीट,
पाहुणे यायचे असल्यासारखी.
भिंत एकच उरलेली.
खालून पट्टी पळते, तिच्यात आकडा.
सकाळी आकडा वाढला होता. मी चहा गाळत होते.

लामजन्याच्या रस्त्याला उतार लागला
तेव्हा मात्र काहीच आठवेना,
दुसरा गिअर की तिसरा, एवढंच.
हरभऱ्यावर दहिवर. बांधावर करडईचे काटे.
एका रानात तुषार सिंचन चाललेलं,
जवळ माणूस नाही, काणूस नाही,
आपलं एकटंच चकचक, चकचक.
मला लाज वाटली, इतकं बरं वाटत होतं.
लाजेनं पायडल जड होत नाही, तेही कळलं.

फोन थरथरला. घेतला नाही.
कोण असणार?
एक तर लेक, नाही तर ते शहर.

फाट्याच्या अलीकडं चेन उतरली.
नऊ शेळ्या घेऊन एक म्हातारा येत होता,
त्यानंच बाभळीची काडी मोडून
चेन दात्यावर बसवली.
नाव मैनोद्दीन. हात पुसायला शेळीची पाठ.

मागं येड्या बाभळींचं रान, मधूनच
एक उखळ, एक उंबरा, दार नसलेला.
"गाव हाय," तो म्हणाला. आणि मग, "जुनं."

मला सांगायची गरज नव्हती.
त्र्याण्णव साली मी सातवीत होते.
आमचे फक्त मांडणीवरचे डबे पडले,
महिनाभर आम्ही अंगणात झोपलो,
आणि खरं सांगायचं तर
मला ते आवडलं होतं.

"गणपती बुडवून आल्ते लोकं, दमून झोपलेले.
नंतर बाहेरदेशची मानसं आली.
एक गोरी बाई, संगं कुत्रं.
माझ्या भावाला तिनंच हुडकलं.
जित्ता न्हाई. पर हुडकलं.
आन् मग तितं दगडावर बसून रडायली.
मी बघतच ऱ्हायलो,
ही का रडायली? हिचं कोन हाय हितं?"
आणि तो हसला, तीस वर्षांपूर्वीचं कोडं
अजून न सुटल्यासारखा.

त्या आठवड्यात कुठं तरी
कुणाच्या तरी चहाशेजारी आम्हीही
आकडा असू. गावाचं नाव चुकीचं छापलेलं.
तिनं पेपर घडी घालून ठेवला असेल,
भांडी घासली असतील,
कदाचित सायकलही काढली असेल.
मी तिला नावं ठेवू शकले नाही.

"टीव्हीत दावायलेत ती घरं," मैनोद्दीननं विचारलं,
"भूकंपानंच पडली का?"
नाही म्हटलं. माणसांनी पाडली.
"मानसानं?"
मी मान हलवली.
"मानसानं?" त्यानं पुन्हा विचारलं,
मग एका शेळीला उगाच शिवी दिली
आणि ओढ्याकडं वळला.

मी चढायला दगड बघितला,
पाय ठेवला, सीटवर बसणार
तेवढ्यात दिसलं, दगडाला कड आहे,
कडेला घासून घासून पडलेला खळगा,
कुणाच्या तरी आयुष्यभराच्या जाण्यायेण्याचा.
पाय काढून घेतला.

सायकल हातात धरून चालत राहिले
पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत.
वारा समोरून होता.
दगडावर त्याच गावाचं नाव, रंग उडालेलं,
आणि खाली अंतर, अजून लिहिलेलं:
एक किलोमीटर.